डोंगरात वायुसेनेचं ट्रान्सपोर्ट विमान उडवायचं असेल तर: नागपूरच्या मुलामुलींसाठी

वायुसेनानगर, मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय, सोनेगावचा तळ. नागपुरात वायुसेना रोज नजरेसमोर असते, म्हणून पायलट व्हायचं वेडही लवकर लागतं. पण वेड असतं ते फायटरचं. लडाखमधल्या लेह, थॉइस, दौलत बेग ओल्डी आणि अरुणाचलमधल्या मेचुका इथल्या जवानांपर्यंत रेशन, औषधं आणि बदलीची माणसं पोचवणारा ट्रान्सपोर्ट पायलट सहसा कुणाच्या यादीत नसतो. खरं तर उड्डाणाचा सगळ्यात बारीक हिशोब करावा लागतो तो यालाच.

आधी शरीर मोजा, मग क्लासची फी भरा

बहुतेक जण उलटं करतात. दोन वर्षं क्लास, परीक्षा पास, मुलाखत पास, आणि शेवटी वैद्यकीय तपासणीत डोळ्यांवरून घरी. म्हणून दहावीच्या सुट्टीतच नेत्रतज्ज्ञाकडे जाऊन, थेंब टाकून बाहुली मोठी करून होते ती तपासणी करून घ्या. चष्म्याच्या दुकानातल्या मशीनवर विसंबू नका. तरुण डोळा ताण देतो आणि नंबर खोटा येतो. फ्लाइंग शाखेला मायोपिया, म्हणजे लांबचं अंधुक दिसणं, चालत नाही. एका डोळ्याला ६/६ आणि दुसऱ्याला निदान ६/९ लागतं, आणि ते ६/९ ही ६/६ पर्यंत सुधारणारं हवं. त्याच वेळी ठिपक्यांच्या इशिहारा पुस्तिकेवर रंगदृष्टी तपासा. रंगांधळेपणावर इलाज नाही, तेव्हा ते आज कळलेलं बरं.

मग टेप घ्या. उंची किमान १६२.५ सेमी. भिंतीला पाठ आणि कंबर टेकवून टेबलावर ताठ बसा: टेबलापासून डोक्यापर्यंत ८१.५ ते ९६ सेमी. तसंच बसून एक पाय समोर सरळ ताणा: भिंतीपासून तळव्यापर्यंत ९९ ते १२० सेमी. गुडघा वाकवला की भिंतीपासून गुडघ्यापर्यंत ६४ सेमीपेक्षा जास्त नको. ही मापं कॉकपिटमधल्या पेडल आणि सीटवरून आलेली आहेत, त्यामुळे अर्ध्या सेंटिमीटरसाठी विनंती करून उपयोग नसतो. अर्ज भरण्याआधी त्या वर्षीची अधिसूचना मात्र वाचाच; नियमांत बारीक बदल होत राहतात.

अकरावीला गणित सोडू नका. फिजिक्स आणि मॅथ्स दोन्ही बारावीला नसतील तर पुढचे बहुतेक दरवाजे तिथेच बंद होतात.

दरवाजे चार

बारावीनंतर यूपीएससीची एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) परीक्षा, वर्षातून दोनदा. वय साडेसोळा ते साडेएकोणीस. गणिताला ३०० आणि सामान्य क्षमता चाचणीला ६०० गुण, त्यावर मुलाखतीचे ९००. मुलींना हा दरवाजा २०२२ पासून उघडला. ट्रान्सपोर्ट आणि हेलिकॉप्टरवर महिला पायलट १९९४ पासून आहेत. पदवीनंतर यूपीएससीचीच सीडीएस (तिन्ही दलांची एकत्रित परीक्षा) किंवा वायुसेनेची स्वतःची एएफकॅट, वय २० ते २४. नागरी उड्डाण खात्याचं, म्हणजे डीजीसीएचं, चालू कमर्शियल पायलट लायसन्स असेल तर एएफकॅटला वयाची मर्यादा २६ पर्यंत जाते. एएफकॅटसाठी बारावीत फिजिक्स-गणिताला प्रत्येकी ५० टक्के आणि पदवीला ६० टक्के धरून चाला. चौथा दरवाजा एनसीसीचा: एअर विंगचं सी सर्टिफिकेट असेल तर लेखी परीक्षाच नाही. नागपुरात एअर विंगची सोय असताना कॉलेजची पोट्टी एनसीसीला फक्त परेड समजून टाळतात, हे नवलच.

लेखी परीक्षेबद्दल जास्त लिहीत नाही. जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवा, चुकलेल्या उत्तराचे गुण कापले जातात हे ध्यानात ठेवा. मराठी माध्यमातून आलेल्यांनी रोज इंग्रजी वाचन आणि बोलणं वाढवावं. ते पुढे रेडिओवरही लागतं.

आयुष्यात एकदाच होणारी चाचणी

एअर फोर्स सिलेक्शन बोर्ड डेहराडून, म्हैसूर, गांधीनगर, वाराणसी इथे आहेत. पहिल्या दिवशी बुद्धिमापन आणि चित्रावरून चर्चा. निम्म्याहून जास्त उमेदवार बऱ्याचदा त्याच संध्याकाळी परत फिरतात. उरलेल्यांची मानसशास्त्रीय चाचणी, मैदानावरची गटकामं आणि मुलाखत. यात नापास झालात तर पुन्हा येता येतं.

सीपीएसएस या पायलट-निवड चाचणीचं तसं नाही. ती आयुष्यात एकदाच. नापास झालात तर फ्लाइंग शाखा कायमची गेली, मग पुढे एएफकॅटमधून या की सीडीएसमधून. तिचे ढोबळमानाने दोन भाग: आधी कॉकपिटमधली घड्याळं वाचून विमान कुठल्या दिशेला, किती झुकलेलं, चढतंय की उतरतंय हे ओळखायचं; मग मशीनवर हातात स्टिक, पायाखाली पेडल, आणि मध्येच दिवे आणि आवाज, ज्यांना ठरलेल्या लिव्हरने उत्तर द्यायचं.

इथे हुशार मुलं पडतात ती बहुधा दोन कारणांनी. एक, सूचना एकदाच नीट सांगतात आणि उमेदवार घाईने मान हलवतो. शंका असेल तर विचारायची ती वेळ तेव्हाच असते. दोन, पाय. आपल्या पायांना वेगळं काम करायची सवयच नसते. घरच्या कॉम्प्युटरवर जॉयस्टिक आणि पेडल लावून सिम्युलेटर खेळल्याने पायलट होता येत नाही, पण हात एकीकडे, पाय दुसरीकडे आणि कान तिसरीकडे ही सवय लागते. एखाद्या दिव्याला उत्तर द्यायचं राहिलं तर तिथेच सोडा. त्याच्या मागे लागलं की पुढचे तीन जातात. नागपूरहून रात्रभर प्रवास करून थेट बोर्डात हजर होऊ नका, एक दिवस आधी पोचा.

दुंडीगल ते येलहंका

हैदराबादजवळच्या दुंडीगलला एअर फोर्स अकादमी आहे. जाण्याआधी १.६ किमी धावणं १० मिनिटांच्या आत, १० पुश-अप्स आणि ३ चिन-अप्स हे अगदी किमान. तेवढ्यावर जाल तर पहिले महिने जड जातील. सुरुवातीचं उड्डाण पिलाटस पीसी-७ वर होतं. मग फायटर, हेलिकॉप्टर आणि ट्रान्सपोर्ट अशी विभागणी. पसंती विचारतात, पण निकाल लागतो तो गुण, कौशल्य आणि सेवेच्या गरजेवर.

ट्रान्सपोर्ट मिळालेल्यांचं पुढचं प्रशिक्षण बेंगळुरूच्या येलहंकाला डॉर्नियर-२२८ वर. इथे पहिल्यांदा दोन इंजिनं हाताखाली येतात, आणि त्यातलं एक बंद पडलं तर काय, हे अंगात भिनेपर्यंत करून घेतात. चालू इंजिन विमानाला बंद इंजिनाकडे वळवतं. ते सरळ ठेवायला एक पाय पेडलवर जोर देतो आणि दुसरा सैल पडतो. ज्या बाजूचा पाय सैल, त्या बाजूचं इंजिन गेलेलं. मग लगेच हात घालायचा नाही: आधी पॉवर मागे घेऊन खात्री, मग बंद. घाईत चांगलं इंजिनच बंद केल्याने जगभर विमानं पडली आहेत.

डोंगराचं गणित

विमान उंची मीटरने मोजत नाही, हवेच्या दाटपणाने मोजतं. आपल्या सोनेगावचंच उदाहरण घ्या. धावपट्टी १,०३३ फुटांवर. प्रमाण हवेत, म्हणजे विमानांच्या हिशोबासाठी ठरवलेल्या सरासरी हवेत, तिथे तापमान १३ अंश असायला हवं. मे महिन्याच्या दुपारी असतं ४५. फरक ३२ अंश, दर अंशाला सुमारे १२० फूट धरले तर ३,८४० फूट. म्हणजे त्या दुपारी विमानाच्या लेखी सोनेगाव जवळपास ४,९०० फुटांवर असतं. ३,२०० मीटरची धावपट्टी आणि चहूकडे सपाट मुलूख, म्हणून ते जाणवत नाही.

आता लेह. १०,६८२ फूट. प्रमाण तापमान उणे ६. उन्हाळ्यात पहाटे ५ अंश असेल तर हिशोब १२,००० फुटांचा, दुपारी २५ अंश झाले की १४,४०० चा. त्याच दिवशी, त्याच धावपट्टीवर २,४०० फुटांचा फरक पडतो, आणि तो भरून काढायचा म्हणजे माल किंवा इंधन उतरवायचं. शिवाय दुपारी सिंधूच्या खोऱ्यात वारा उठतो. चंदीगडहून लेहकडे जाणारी विमानं पहाटेच निघतात ती याचमुळे. हवाई अंतर जेमतेम ३९० किमी, पण परतीचं इंधनही सोबत असावं लागतं, आणि १,००० लिटर इंधन म्हणजे सुमारे ८०० किलो कमी रेशन.

वेगाचा घोळ त्याहून फसवा. विरळ हवेत वेगाचा काटा खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो. समजा उतरताना काट्यावर ११० नॉट (तासाला सागरी मैल) ठेवायचे आहेत. प्रमाण तापमानाला लेहवर खरा वेग होतो सुमारे १३० नॉट, आणि १६,६१४ फुटांवरच्या दौलत बेग ओल्डीला १४२. विमान थांबवायला लागणारी ऊर्जा समुद्रसपाटीच्या मानाने तिथे सुमारे दोन तृतीयांशाने जास्त. नवखा कोपायलट बाहेर बघतो, जमीन भराभर मागे जाताना दिसते, आणि हात आपोआप पॉवर मागे ओढतो. पंखाला मात्र लागतात ते काट्यावरचेच ११०. तिथून फार खाली गेलात तर स्टॉल, म्हणजे पंख विमान उचलेनासा होतो. म्हणून डोळ्यांवर नाही, काट्यावर. चाकं टेकल्यावर ब्रेक तापतात. ते थंड व्हायला लागणारा वेळ परतीच्या वेळापत्रकात आधीच धरायचा. उंचावर इंजिन पुन्हा सुरू करणं अवघड, म्हणून अशा धावपट्ट्यांवर सहसा इंजिन चालू ठेवूनच माल उतरवतात.

दरीत शिरण्याआधी

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न एकच: इथून मागे वळता येईल का? काट्यावर १५० नॉट आणि ३० अंशांचा झुकाव धरला तर समुद्रसपाटीला पूर्ण उलटं वळायला सुमारे २.१ किमी रुंदी लागते. २०,००० फुटांवर त्याच आकड्यांना ३.९ किमी. झुकाव ४५ अंश केला तर रुंदी २.३ किमीवर येते, पण पंखांवरचा भार १.४ पट होतो आणि स्टॉलचा वेग सुमारे १९ टक्क्यांनी वर चढतो. नकाशावर दरी मोजून, ती या आकड्यापेक्षा अरुंद होते त्या जागेच्या आधी खूण करून ठेवतात. ढग त्या खुणेच्या आधी दिसला तर परत, नंतर दिसला तर उशीर झाला.

दरीच्या मधोमध उडू नये. तसं केलं की वळायला निम्मीच जागा उरते. वारा ज्या उताराला भिडून वर चढतो त्या बाजूने जावं: हवा उचलते आणि वळण वाऱ्याच्या तोंडावर येतं. कडा ओलांडताना समोरून काटकोनात नको, ४५ अंशात, म्हणजे बेत बदलला तर थोड्या वळणात सुटका होते. उंची निदान २,००० फुटांनी जास्त, वारा जोरात असेल तर आणखी. कड्यापलीकडे भिंगाच्या आकाराचे स्थिर ढग दिसले तर त्यांच्या खालच्या हवेत गोल फिरणारे भोवरे असतात, हे गृहीत धरा.

दरी हळूहळू चढत जाते तेव्हा डोळा उतारालाच क्षितिज समजतो. नाक नकळत वर, वेग नकळत खाली. बर्फात दऱ्या एकसारख्या दिसतात आणि चुकीच्या फाट्यावर वळणं सोपं असतं. म्हणून प्रत्येक वळणाची वेळ आणि दिशा आधी लिहून ठेवलेली, आणि नॅव्हिगेटर ती मोठ्याने सांगतो. थंडीत अल्टिमीटर, म्हणजे उंची दाखवणारं घड्याळ, तेही खोटं बोलतं: हवा प्रमाणापेक्षा दर १० अंशांनी थंड असेल तर उंची सुमारे ४ टक्के जास्त दाखवतं. ज्या जागेचा हवेचा दाब अल्टिमीटरवर लावला आहे तिथून ५,००० फूट वर आणि हवा २० अंशांनी थंड, तर तुम्ही काट्यापेक्षा ४०० फूट खाली आहात.

मालाचे गठ्ठे पॅराशूटने टाकायचे असतील तर केबिन उघडावी लागते आणि सगळे ऑक्सिजनवर. २५,००० फुटांवर ऑक्सिजन तुटला तर शुद्धीत काम करायला ३ ते ५ मिनिटं मिळतात. धोका असा की माणसाला आधी बरंच वाटतं. नखं निळी पडतात आणि साधी वजाबाकी जमेना होते. बेंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ एअरोस्पेस मेडिसिनमधल्या बंद कक्षात प्रत्येकाला आपली लक्षणं ओळखायला शिकवतात. टाकलेल्या गठ्ठ्याचा हिशोबही विरळ हवेत बदलतो: समुद्रसपाटीला सेकंदाला ७ मीटरने उतरणारं पॅराशूट १८,००० फुटांवर ९ च्या पुढे जातं, म्हणून बांधणी तेवढी मजबूत लागते. ३०० मीटरवरून सोडलं तर ते ३३ सेकंदांत खाली, आणि सेकंदाला १० मीटरचा वारा त्याला ३३० मीटर बाजूला नेतो. हिमनदीवर तेवढ्या अंतरात दरी असते.

स्क्वाड्रनमध्ये

चंदीगडला गेलात तर लडाख, जोरहाटला गेलात तर अरुणाचलच्या छोट्या धावपट्ट्या. हे मुख्यतः एएन-३२ या मालवाहू विमानाचं काम. त्याहून मोठ्या सी-१३०जे विमानांचे तळ हिंडन आणि पानागडला. सुरुवात उजव्या सीटवरून. पायलटच्या श्रेण्या डी पासून ए पर्यंत तपासणी देत चढायच्या, आणि अवघड धावपट्टीवर कॅप्टन म्हणून जाण्याआधी अनुभवी कॅप्टनसोबत जाऊन मंजुरी घ्यायची. फ्लाइंग ऑफिसरचं मूळ वेतन ५६,१०० रुपये, त्यावर १५,५०० लष्करी सेवा वेतन आणि वेगळा उड्डाण भत्ता. पुढे शिकवायची आवड असेल तर तांबरमला इन्स्ट्रक्टरचा कोर्स.

एएफकॅटमधून आलेल्यांची शॉर्ट सर्व्हिस १४ वर्षांची. बाहेर पडून एअरलाइनमध्ये जायचं असेल तर एटीपीएल या एअरलाइन पायलटच्या लायसन्सला १,५०० तास लागतात. म्हणून लॉगबुकात पहिल्या दिवसापासून कॅप्टन म्हणून केलेले, रात्रीचे आणि इन्स्ट्रुमेंटवरचे तास वेगवेगळे लिहा आणि दर महिन्याला सही घ्या. १२ वर्षांनंतर जुन्या युनिटकडून तासांचा दाखला मागत बसणं फार कटकटीचं होतं.