लासआर पेलेटमध्येच जातंय? या चुका टाळा

स्यूडोमोनास एरुजिनोसा या जिवाणूचं लासआर हे प्रथिन (जिवाणूंच्या आपसातल्या संदेशरेणूला प्रतिसाद देणारं) ई. कोलाय या प्रयोगशाळेतल्या जिवाणूत बनवायला घेतलं की तक्रार ठरलेली: जेलवर बँड झकास, पण सगळा पेलेटमध्ये, म्हणजे पेशी फोडून फिरवल्यावर तळाशी बसणाऱ्या अविद्राव्य गाळात. मग आयपीटीजी (प्रथिननिर्मिती सुरू करणारं रसायन) कमी कर, बफरमधलं मीठ बदल, अशी खटपट सुरू होते. तापमान १८ अंशांवर आणणं चांगलंच, पण दुखणं वेगळंच असतं. लासआरची घडी पडतानाच त्याचा संदेशरेणू, थ्री-ऑक्सो-सी१२-एचएसएल, हजर लागतो. म्हणून तो इंडक्शनच्या, म्हणजे आयपीटीजी घालण्याच्या, वेळीच माध्यमात घाला. साधारण १० मायक्रोमोलरपासून सुरुवात करा. पेशी फोडल्यावर लायसेटमध्ये ओतणं म्हणजे वरातीमागून घोडं.

असं का, ते रचनेत दिसतं. २००७ साली या प्रथिनाच्या संदेशरेणू धरणाऱ्या भागाची, म्हणजे पहिल्या १७३ अमिनो आम्लांची, स्फटिकरचना प्रसिद्ध झाली. रेणू पार आत, गाभ्यात बसलेला आहे. टायरोसिन ५६, ट्रिप्टोफॅन ६०, अ‍ॅस्पार्टेट ७३ आणि सेरीन १२९ त्याचं डोकं हायड्रोजन बंधांनी धरतात. लांब शेपटीभोवती पाणी टाळणारी अमिनो आम्लं दाटलेली. रेणू काढला तर गाभाच पोकळ.

दुसरी चूक सामूची. संदेशरेणूच्या डोक्याशी असलेलं लॅक्टोनचं कडं अल्कधर्मी द्रावणात उघडतं, आणि एलबी या नेहमीच्या माध्यमात रात्रभर वाढलेलं कल्चर आपसूक अल्कधर्मी होतं. माध्यमाला ७च्या आसपासचं बफर द्या. संदेशरेणूचा साठा कोरड्या डीएमएसओ या द्रावकात ठेवा, आणि नियंत्रणालाही (रेणू न घातलेल्या तुलनेच्या नमुन्यालाही) तेवढंच डीएमएसओ घाला (हे हमखास विसरलं जातं).

आयटीसीचा, म्हणजे बंधनातली उष्णता मोजणाऱ्या पद्धतीचा, आलेख सपाट आला तर यंत्राला दोष देऊ नका. शुद्ध केलेल्या प्रथिनात रेणू आधीच बसलेला असतो, वर नवा कुठे बसणार? शिवाय ही लांब शेपटीची मंडळी पाण्यात नीट विरघळतही नाहीत. त्यापेक्षा ई. कोलायमधला रिपोर्टर (लासआर चालू झालं की मोजता येणारी खूण देणारं जनुक) वापरून मात्रा वाढवत प्रतिसाद मोजा.

उत्परिवर्तनांबाबत मात्र फार घाई होते. बदललेलं प्रथिन अविद्राव्य निघालं की 'बंधन गेलं' असं लिहून मोकळे होतात. घडी बिघडली की पकड सुटली, हे त्यावरून कळत नाही. अल्फाफोल्ड या रचनेचा अंदाज बांधणाऱ्या प्रोग्रॅमनं सुबक घडी दाखवली तरी नाही. रेणूशिवाय ती टिकते का, हे ते चित्र सांगत नाही. संदेशरेणूची मात्रा बरीच वाढवून रिपोर्टर परत पेटतो का, ते आधी बघा.