चाक मोजा, मग सोयाबीन पेरा

७५ ते १०० मिमी पाऊस होऊन वाफसा (पेरणीजोगी ओल) आला की पेरणीयंत्राला दम मिळत नाही. त्यामुळे सेटिंगचं काम आत्ताच उरकून घ्या. बी किती सोडायचं ते ठरवणारी यंत्रावरची खाच मागच्या वर्षीचीच ठेवून विसंबू नका. वाण बदलला किंवा दाणा टपोरा निघाला, तर त्याच खाचेवर बी कमी-जास्त पडतं.

यंत्रातलं बी पाडतं ते जमिनीवर फिरणारं चाक, म्हणून हिशेब चाकापासूनच सुरू करायचा. व्यासाला ३.१४ ने गुणलं की परीघ मिळतो. चाकाला दाते असतील तर व्यास नेमका कुठून कुठवर धरायचा हा घोळ होतो. त्यापेक्षा चाकावर खडूची खूण करा, यंत्र सपाट जमिनीवर १० फेरे ओढा आणि टेपने अंतर मोजा. १५ मीटर भरलं तर एका फेऱ्याला दीड मीटर.

आता रुंदी. पाच फण, दोन ओळींत ४५ सेंमी, म्हणजे २.२५ मीटर. पहिल्या फणापासून शेवटच्या फणापर्यंत टेप लावून १.८० धरणारे बरेच असतात. तिथे एका ओळीची जागा हिशेबातून सुटते. बीबीएफ (रुंद वरंबा-सरी) यंत्राला मात्र सरीच्या मध्यापासून पुढच्या सरीच्या मध्यापर्यंतची रुंदी घ्या.

दीड गुणिले सव्वादोन, म्हणजे एका फेऱ्यात ३.३७५ चौरस मीटर. एक गुंठा साधारण १०१ चौरस मीटरचा, म्हणजे ३० फेऱ्यांत गुंठा झाला. हेक्टरच्या आकड्यांत शिरूच नका, गुंठ्यावर हिशेब तोंडी होतो. एकरी २६ किलो बियाणं धरलं तर ४० गुंठ्यांनी भागून गुंठ्याला ६५० ग्रॅम, प्रत्येक फणाच्या नळीला १३० ग्रॅम. हे ७० टक्के उगवणीला. घरच्या बियाण्याची उगवण ६० टक्केच आली, तर एकरी ३० किलो, म्हणजे गुंठ्याला ७५० ग्रॅम पडायला हवं.

यंत्र उचलून खाली भक्कम ठोकळे लावा, नुसत्या हायड्रॉलिकवर ठेवून हात घालू नका. पेटी निम्मी भरा. बी बीजप्रक्रिया करून सावलीत सुकवलेलंच घ्या, कारण कोरडं बी आणि औषध लावलेलं बी सारखं घसरत नाही. आधी चार-पाच फेरे नुसते फिरवा, मग प्रत्येक नळीला पिशवी बांधून ३० फेरे एकसारखे फिरवा आणि वजन करा. एकाच पिशवीत ९० ग्रॅम निघाले तर ती नळी किंवा तिच्यावरची चकती तुंबलीय. सगळ्यांतच कमी असेल तर खाच बदला.

खतालाही हाच हिशेब लागतो. एकरी ५० किलोची एक गोणी म्हणजे गुंठ्याला सव्वा किलो. ओलावा धरलेलं खत पेटीत घालू नका.

खरी गोम शेतात कळते. भुसभुशीत रानात चाक घसरतं, फेरा न फिरता पुढे जातं. वाफशावर १० फेऱ्यांचं अंतर पुन्हा मोजा. १५ ऐवजी १६ मीटर आलं, तर गुंठा २८ फेऱ्यांतच उरकतो आणि बी तेवढं कमी पडतं. अशा वेळी २८ फेऱ्यांत ६५० ग्रॅम पडेल असं सेटिंग करा. पहिला एकर पेरून झाला की पेटीत उरलेलं बी काढून तोला.