बॉनेट गार असेल तरच पुढे: जुनी परफॉर्मन्स कार घेण्याची तयारी

दोन वर्षांपूर्वी साताऱ्याहून पहाटेच्या एसटीने पुण्याला जाऊन मी एक दोन लिटरची टर्बो पेट्रोल सेडान पाहिली, पसंत केली आणि संध्याकाळी तीच चालवत, खंबाटकी घाट एका दमात चढून घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी बटण दाबताच इंजिनातून खिळ्यांचा डबा हलवावा तसा दोन-तीन सेकंद खडखडाट झाला आणि आपले काय चुकले ते मला दारात उभ्या उभ्या कळले. विक्रेता मोठ्या अगत्याने मला घ्यायला स्वारगेटला आला होता, आणि आला होता तो त्याच गाडीतून.

तेव्हा पहिली तयारी गाडी पाहायला निघण्याच्या आदल्या दिवशी करायची आहे. गाडी रात्रभर बंद राहिली पाहिजे, सकाळी ती कोणी सुरू करता कामा नये, आणि आपण रिक्षाने घरापर्यंत येऊ, न्यायला येण्याची तसदी घेऊ नये, हे विक्रेत्याला फोनवर स्पष्ट शब्दांत सांगावे. पोचल्यावर चहाच्या आधी बॉनेटवर तळहात ठेवावा. कोमट लागले तर कारण विचारत बसू नये. दुसऱ्या दिवशीची वेळ मागावी, आणि ती मिळत नसेल तर परतीची एसटी धरावी.

याला कारण आहे. इंजिनातल्या व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनच्या तालात ठेवणारी साखळी म्हणजे टायमिंग चेन; ती ताणून धरणारा टेन्शनर बहुतेक इंजिनांत तेलाच्या दाबावर काम करतो. रात्रभरात तेल खाली उतरते, आणि टेन्शनर झिजलेला असेल तर दाब पुन्हा भरेपर्यंत सैल चेन वाजते. एकदा दाब भरला की तेच इंजिन शहाण्यासारखे चालते. व्हॉल्व्हचे सील गेले असतील तर रात्रभर झिरपलेले तेल पहिल्या धुरात निळे दिसते. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हवरून जात नसल्याने तिथे काजळी साचते, आणि तिच्यामुळे होणारे मिसफायर थंड इंजिनातच जास्त जाणवते. यांतले काहीही तापलेल्या गाडीत धड कळत नाही. मला चेन, टेन्शनर आणि मजुरी मिळून गाडीच्या किमतीचा जवळपास दहावा हिस्सा मोजावा लागला, म्हणून हे पुन्हा लिहितो: बॉनेटवर हात, आणि तोही सर्वांत आधी.

गिअरबॉक्स मात्र उलट, चांगली तापल्यावर तपासावी. ड्युअल क्लच (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची) गाडी गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गोगलगाईच्या गतीने चालवून थरथर जाणवते का ते पाहावे; मोकळ्या रस्त्यावर जोरात पळवून यातले काही समजत नाही, फक्त आपला मोह वाढतो. गाडी साताऱ्यातच असेल तर यवतेश्वरचा घाट यासाठी उत्तम, कारण चढावर थांबून पुन्हा निघताना आणि रिव्हर्स घेताना क्लच काही लपवू शकत नाही. ऑक्टाव्हिया व्हीआरएससारख्या गाडीतील ओल्या क्लचच्या सहा गिअरच्या डीएसजीचे (ड्युअल क्लच गिअरबॉक्सचे) तेल दर ६०,००० किलोमीटरला बदलायचे असते. त्याचे बिल मागावे, तोंडी आश्वासन घेऊ नये.

गाडीच्या कॉम्प्युटरमधले एरर वाचणारा स्कॅनर स्वतःचा किंवा आपल्या मेकॅनिकचा न्यावा. एरर नाहीत एवढ्याने समाधान मानू नये. रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्या का ते सांगणाऱ्या नोंदी, अपूर्ण दाखवत असतील तर बहुधा कोणीतरी नुकतेच एरर पुसले आहेत किंवा बॅटरी काढली आहे. रिमॅप, म्हणजे ताकद वाढवण्यासाठी इंजिनाच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल, केला होता का, हेही सरळ विचारावे. विकण्याआधी मूळ सॉफ्टवेअर परत टाकता येते, पण वाढीव टॉर्कने झिजलेला क्लच परत येत नाही. ‘पोराने हौसेने केले होते, आता काढले आहे’ हे उत्तर मी दोन ठिकाणी ऐकले. निदान खरे तरी होते.

गाडी सांगली-मिरजेकडची असेल तर तिने पूर पाहिला आहे का, हे शोधणे सोडू नये. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी गाठली होती, २०२१ मध्ये पुन्हा पूर आला, आणि बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून दूरच्या गावांत विकल्या जाऊ शकतात. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून गाळाची रेघ पाहावी, सीटचे बोल्ट आणि स्टेपनीखालची जागा तपासावी, विम्याच्या क्लेमचा इतिहास मागावा.

टायरच्या बाजूवर छापलेल्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचावेत, त्यातून तो कधी बनला ते कळते. ३२१९ म्हणजे २०१९ सालचा बत्तिसावा आठवडा. चारही टायर एकाच कंपनीचे आणि एकाच नक्षीचे असावेत. ब्रेक डिस्क झिजून कडेला उंच ओठ आला असेल तर तेवढी किंमत कमी करून घ्यावी. रंग, काचा, एसी हे सगळे जण पाहतातच.

कागदपत्रांचे थोडक्यात. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात पडल्याशिवाय इसार देऊ नये. मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या समोर घ्याव्यात. केए (कर्नाटक) पासिंगची गाडी स्वस्त दिसते, पण तिला फॉर्म २८ ची एनओसी लागते आणि महाराष्ट्राचा कर वेगळा भरावा लागतो. तो धरूनच भाव करावा. थकलेली दंडाची चलने पाहावीत. विमा १४ दिवसांत नावावर करावा. नो क्लेम बोनस जुन्या मालकाबरोबर जातो.

ताबा घेण्याचा दिवसही सकाळचाच ठरवावा, आणि त्या दिवशीही बॉनेट गार असावे.