खरसूच्या जंगलात एक रात्र निघेल एवढंच सामान

ब्लाउज शिवायच्या आधी अस्तर पाण्यातून काढावं लागतं, नाहीतर पहिल्याच धुण्यात ते आटतं. जुलैत ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या दुकानामागे दोरीवर टाकलेलं सुती अस्तर दुसऱ्या दिवशीही दमट लागतं. शेजारचं जॉर्जेट मात्र त्याच दिवशी वाळून घडी घालायला तयार असतं. २७ वर्षं हे बघत आले, पण त्याचा अर्थ मला कळला तो हिमाचलात, जालोरी खिंडीजवळच्या जंगलात.

सप्टेंबरअखेरीची गोष्ट. आम्ही दोघी मैत्रिणी सेरोलसर तळं बघून परत निघालो होतो. वाट खरसूच्या, म्हणजे हिमालयातल्या एका जातीच्या ओकच्या, दाट रानातून जाते. दुपारी धुकं उतरलं, पाऊस लागला आणि वाट सोडून आम्ही उताराला कधी लागलो ते कळलंच नाही. मोठ्या सॅक खिंडीत गाडीत राहिल्या होत्या. माझ्या अंगात सुती कुर्ता आणि जीन्स, तिच्या अंगात पॉलिस्टरचा टी-शर्ट आणि आईने विणलेला लोकरीचा स्वेटर. भिजलो दोघीही, पण मध्यरात्री हुडहुडी भरून माझी जीभ जड झाली, तिची नाही. सकाळी मेंढ्या घेऊन निघालेल्या दोघांनी आमच्या हाका ऐकल्या. तेव्हापासून मी सामान निवडते ते त्या एका रात्रीचा विचार करून.

आपण ठाण्याचे लोक सह्याद्रीत वाढलेलो. इथे उन्हाचा आणि तहानेचा धोका असतो, म्हणून टोपी घ्या, पाणी घ्या, एवढं आपल्या हाडात मुरलेलं असतं. देवदार, कैल (पाइनची एक जात), बांज (ओकची एक जात), खरसूच्या थंड रानात धोका ओलीचा असतो. हजार मीटर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते. जालोरी खिंड ३१०० मीटरच्या वर आहे, म्हणजे ठाण्यात २८ अंश असताना तिथे साधारण ८, आणि त्यात पाऊस, वारा. शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की माणसाची बुद्धी आणि बोटं दोन्ही चालेनाशी होतात. त्यासाठी बर्फ पडायला लागत नाही.

म्हणून सामानात पहिलं नाव कपड्यांचं. सुती काहीही नको, आतले कपडे आणि मोजेसुद्धा नकोत. सूत पाणी धरून बसतं आणि अंगाची ऊब ते पाणी तापवण्यात जाते. अंगालगत पॉलिस्टर किंवा पातळ लोकर, त्यावर फ्लीस (पॉलिस्टरचं लवदार उबदार कापड), सगळ्यात वर पाणी न शिरणारं जॅकेट. लोकर ओली झाली तरी थोडी ऊब देते, म्हणून घरात विणलेला स्वेटर असेल तर नवीन काही विकत घेऊ नका. लेबल फाटलेलं असेल तर कापडाच्या कडेचा एक धागा काढून चिमट्यात धरून जाळून बघा. सूत जळताना कागद जळल्यासारखा वास येतो आणि मागे मऊ राख उरते, लोकरीला केस जळल्यासारखा वास येतो, पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. दुकानदार काहीही सांगो, धागा खोटं बोलत नाही. फक्त वितळणारं कापड शेकोटीच्या फार जवळ नेऊ नका. एक सुका लोकरी जोड मोज्यांचा प्लास्टिकमध्ये बांधून ठेवा. तो फक्त रात्रीसाठी.

दुसरं छप्पर. मी जांभळी नाक्याला ताडपत्री घ्यायला गेले तेव्हा दुकानदाराने विचारलं, "ताई, टेम्पोवर टाकायचीये का?" मी म्हटलं, "नाही दादा, डोक्यावर." मग त्याने आतून हलकी काढून दिली. ९ बाय ६ फूट, १२० जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला १२० ग्रॅम), वजन साधारण ६०० ग्रॅम. पैसे असतील तर सिलिकॉन लावलेलं नायलॉन घ्या, ते मुठीत मावतं. पण दोन्हींच्या कडेच्या रिंगांवर विसंबू नका, वाऱ्यात पहिल्या त्याच निखळतात. मी चारही कोपऱ्यांना आणि लांब कडांच्या मध्यावर निवारपट्टीचे फास शिवले. खाली कापडाचा दुपदरी ठिगळ, वर चौकोनी शिलाई आणि त्यात फुली, दोरा पॉलिस्टरचा. सुईच्या भोकांतून पाणी झिरपतं, म्हणून शिवणीवर सिलिकॉनचा हात दिला. मशीन नसेल तर कोपऱ्यात एक गुळगुळीत गोटा ठेवा, कापड त्याच्यावर दुमडा आणि गोट्याच्या मानेला दोरी आवळा. ती गाठ सुटत नाही आणि कापडही फाटत नाही. जोडीला १५ मीटर बारीक नायलॉन दोरी.

छपराखाली काय अंथरायचं, हे छपराइतकंच महत्त्वाचं आहे. उघड्या हवेपेक्षा ओली जमीन अंगातली ऊब लवकर खेचते. कचऱ्याच्या दोन मोठ्या जाड पिशव्या न्या. एका पिशवीत दाट झाडांखालचा मिळेल तेवढा कोरडा पाला, सूचीपर्णी काड्या भरा आणि बसल्यावर वीतभर जाडी उरेल इतकी गादी करा. दुसरीत पाय घालून कमरेपर्यंत ओढून घ्या. डोकं आणि तोंड कायम बाहेर. ताडपत्री बुटकी बांधा, पाठ वाऱ्याकडे. नाल्याच्या तळाशी थंड हवा साचते, म्हणून थोडं वर उतारावर बसा. बसण्याआधी मान वर करून बघा, वाळकी फांदी लटकत नाही ना.

विस्तवाची तीन साधनं घ्या, तिन्ही वेगवेगळ्या खिशांत: साधा लायटर, फेरो रॉड (पात्याने खरवडली की ठिणग्या पडतात ती धातूची कांडी) आणि व्हॅसलिन चोळलेले कापसाचे बोळे. एक बोळा पिंजून ठिणगी पाडली की काही मिनिटं जळत राहतो. सूत अंगावर नको म्हटलं, पण डबीत हवं ते या कामासाठी. विमानाने जाणार असाल तर लायटर आणि काडेपेटी नेता येत नाही, ती पायथ्याच्या बाजारात घ्या. गारठ्यात लायटर पेटत नसेल तर काखेत धरून गरम करा. जमिनीवर पडलेलं लाकूड पावसात ओलंच असणार. कैल आणि देवदाराच्या बुंध्याजवळच्या, झाडावरच वाळलेल्या काटक्या बघा. कट्‌ आवाज करून तुटली तर घ्यायची, वाकली तर सोडायची. आणि हे मनापासून सांगते: जंगलात विस्तव लावायचा तो जीव वाचवण्यापुरता. उन्हाळ्यात चिडाचं, म्हणजे पाइनचं, रान एका ठिणगीने पेटतं, आणि अभयारण्यात तर एरवी परवानगीच नसते.

सुरी एकच, न मिटणारी, पातं बोटभर लांब. कुऱ्हाड नको. थकलेल्या माणसाच्या हातातली कुऱ्हाड पायावर येते. माझी सुरी कार्बन पोलादाची आहे आणि खाडीच्या दमट हवेत तिला आठवड्यात गंज चढतो, म्हणून मशीनच्या तेलाचा बोटभर हात तिलाही देते.

पाण्याला एकेरी भिंतीची स्टीलची बाटली, म्हणजे तीच विस्तवावर ठेवता येते. थर्मास ठेवू नका, तापून तो फुटू शकतो. ३००० मीटरवर पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून खळखळ उकळी आल्यावर ३ मिनिटं थांबा. क्लोरीनच्या गोळ्याही ठेवा. पाणी गार असेल तर पाकिटावरच्या वेळेपेक्षा जास्त वेळ द्या.

उरलेलं थोडक्यात. डोक्याला बांधायचा टॉर्च, कागदी नकाशा, होकायंत्र, शिट्टी. मदत हवी असेल तर तीन शिट्ट्या, थांबा, पुन्हा तीन. ओरडून घसा बसतो, शिट्टीला तो त्रास नाही. फोन बंद करून अंगालगत ठेवा, उंचवट्यावर गेल्यावर ११२ हा आणीबाणीचा नंबर लावून बघा. उपग्रह फोन परवान्याशिवाय बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे, कुणी परदेशातून आणून दिला तरी नेऊ नका. खायला शेंगदाण्याची चिक्की पुरे. एका रात्रीत भुकेने कुणी जात नाही, मासे धरायचा गळ आणि शिकारीचे फासे घरी ठेवा. सर्पदंशाचं विष ओढायचा पंपही ठेवून द्या, त्याने विष निघत नाही.

आता हे कुठे ठेवायचं? ताडपत्री आणि कपडे छोट्या सॅकमध्ये, पण विस्तवाची साधनं, सुरी, शिट्टी, टॉर्च, एक पिशवी आणि चिक्की कमरेला. मी जुन्या छत्रीच्या कापडाचा कंबरबटवा शिवलाय. तळ्याकडे जाताना, पाणी आणायला जाताना, अगदी झाडामागे जाताना तो सुटत नाही. बाटलीसकट सगळं मिळून ३ किलोच्या आत बसतं.

निघायच्या आधी परीक्षा घ्या. ठाण्याला लागून असलेल्या येऊरच्या जंगलात विस्तव चालत नाही, तो हट्ट करू नका. मी सोसायटीला विचारून गच्चीवर घमेल्यात पेटवते आणि ताडपत्री जुलैच्या सरीत तिथेच बांधून बघते. पण ठाण्यात थंडी कुठून आणायची? चेंदणी कोळीवाड्यातल्या ओळखीच्या मावशींकडून बर्फ आणते. बादलीत पाणी, त्यात बर्फ, हात मनगटापर्यंत तीन मिनिटं. लहान मुलांवर किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांवर हा प्रयोग करू नका. मग त्याच बोटांनी बटवा उघडायचा, बोळा पिंजायचा, ठिणगी पाडायची, गाठ मारायची. पहिल्या वेळी माझी चेनच उघडेना, तिचा सरकता तुकडा नखाएवढा होता. लायटरचं चाक अंगठ्याखाली फिरेना. त्या चेनला मी चार इंची लाल फीत शिवली, डबीचं फिरकीचं झाकण काढून रबरबँड लावलेली पिशवी केली आणि फेरो रॉड करंगळीएवढा होता तो बदलून अंगठ्याएवढा जाड आणला. मैत्रिणीने परवा बर्फातून हात काढून ४० सेकंदांत बोळा पेटवला. ऑक्टोबरात आम्ही दोघी पुन्हा त्याच वाटेने तळ्याला जाणार आहोत.