खान्देशातून जर्मनीला येणाऱ्यांनो, हातातली बॅग अशी भरा

जळगाव, धुळे, नंदुरबारकडून येणाऱ्या पोरापोरींची हातातली बॅग घरचे लोक मायेने खाऊने भरतात आणि कागदपत्रं मोठ्या बॅगेत जातात. कृपा करून हे उलट करा. मोठी बॅग दोन-तीन दिवस मागे राहू शकते आणि तेवढे दिवस हातातल्या बॅगेवर निभावावं लागतं.

आधी कागद: पासपोर्ट, प्रवेशपत्र किंवा नोकरीचा करार, ब्लॉक्ड अकाउंट (व्हिसासाठी राहण्याच्या खर्चाचे पैसे अडकवून ठेवलेलं खातं) आणि आरोग्यविम्याचे कागद, मूळ गुणपत्रिका, जन्मदाखला. मग रोजची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, आणि एक जोड कपडे. जाड जॅकेट अंगावरच घाला, त्याचं वजन होत नाही.

हातातल्या बॅगेला बहुतेक ठिकाणी 7 किंवा 8 किलो मिळतात. आकडा तिकिटावर बघा. चाकांची बॅग रिकामीच अडीच-तीन किलो भरते, त्यापेक्षा पाठीवरची सॅक बरी. गावातच किराणा दुकानाच्या काट्यावर तोलून घ्या, म्हणजे मुंबईच्या विमानतळावर रांगेत सामान उपसावं लागणार नाही.

पॉवर बँक फक्त हातातल्या बॅगेत, 100 वॅट-तासांपर्यंत. 20,000 एमएएच गुणिले 3.7 व्होल्ट भागिले 1000, म्हणजे 74, चालेल. छापलेला आकडा पुसला असेल तर काढून घेतात. लिथियमने पेट घेतला तर वरती कर्मचारी विझवू शकतात, खाली सामानात कुणाचं लक्ष जात नाही. इथेच एक चूक नेहमी होते: विमान भरलेलं असलं की दारातच हातातली बॅग घेऊन खाली टाकतात. तेव्हा पॉवर बँक, पासपोर्ट आणि औषधं पटकन काढता यावीत म्हणून एका छोट्या पिशवीत सगळ्यात वर ठेवा.

ठेचा, लोणचं, ओली चटणी हे सुरक्षा तपासणीत द्रवच धरतात. द्रव 100 मिलीपर्यंतच्या बाटल्यांत, त्या सगळ्या एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत. अर्धी भरलेली 200 मिलीची बाटलीही चालत नाही, कारण माप बाटलीचं धरतात. म्हणून ठेचा मोठ्या बॅगेत, दुहेरी पिशवीत. कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठही तिकडेच. एक्स-रेत त्याचा घट्ट गोळा दिसतो आणि बॅग उघडायला लावतात. खोबऱ्याच्या वाट्या कुठल्याच बॅगेत नकोत. तेलामुळे सुकं खोबरं आपोआप तापून पेटू शकतं. कीस इथे दुकानात मिळतो.

तूप, पेढे, खवा मात्र घरीच ठेवा. युरोपीय संघात बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ सामानातून आणायला बंदी आहे, बॅग कुठलीही असो. भरिताच्या वांग्यांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं, ताज्या कढीपत्त्यालाही. केळ्यांना ते लागत नाही, पण दाबली की काळी पडतात. वाटेत खाण्यापुरती घ्या.

बिबडे (ज्वारीचे पापड) हातात घेतले तरी चुरा होतोच. स्टीलच्या उभ्या डब्यात कापड घालून रचा आणि डबा कपड्यांच्या मधोमध ठेवा.