जीटीए ५ चे स्क्रिप्ट मॉड सी शार्पमध्ये: आधी सेटअप नीट लावा

मॉड (इथे सी शार्प या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला, गेममध्ये बदल करणारा छोटा प्रोग्राम) बनवायचाय म्हटलं की सगळे आधी कोड शोधत सुटतात, पण माझं ऐकाल तर पहिला अख्खा दिवस सेटअपला द्या. कोड बदलला, बिल्ड मारला (म्हणजे कोडपासून चालणारी फाइल बनवली) आणि गेम चालू असतानाच बदल दिसला, इथपर्यंत पोचलात की शिकणं सोपं होतं. नाहीतर एक आकडा बदलायला गेम बंद करा, परत लोड व्हायची वाट बघा, आणि असं करत करत माणूस कंटाळून सोडूनच देतो.

हे सगळं पीसीवरच्या लेगसी, म्हणजे गेमच्या जुन्या व्हर्जनसाठी आहे. मार्च २०२५ मध्ये एनहान्स्ड हे नवं व्हर्जन आलं, पण नवशिक्याने लेगसीवरच शिकावं, जुने मॉड आणि उदाहरणं सगळी त्यावरचीच आहेत.

स्टीमवर गेमवर राइट क्लिक करून मॅनेज, मग ब्राउझ लोकल फाइल्स केलं की गेमचं फोल्डर उघडतं. तिथे दोन गोष्टी टाकायच्या. पहिली अलेक्झांडर ब्लेडचा स्क्रिप्ट हुक व्ही (बाहेरचा कोड गेमला जोडणारं साधन), त्याच्या झिपमधली मुख्य डीएलएल (तयार कोडची फाइल) आणि सोबतची डीइनपुट८ डीएलएल (हीच एएसआय, म्हणजे मॉडच्या प्लगइन फाइली लोड करते). दुसरी स्क्रिप्ट हुक व्ही डॉट नेट (हिच्यामुळे सी शार्पमधले मॉड चालतात), तिच्या एएसआय आणि डीएलएल फाइली त्याच फोल्डरात, आणि सी शार्प प्रोग्राम चालवणारं मायक्रोसॉफ्टचं डॉट नेट फ्रेमवर्क ४.८ मशीनवर हवंच. मग तिथेच स्क्रिप्ट्स नावाचं फोल्डर बनवा, तुमचे मॉड त्यात जाणार. गेम अपडेट झाला की स्क्रिप्ट हुक बंद पडतो, नवीन हुक येईपर्यंत थांबावं लागतं, म्हणून स्टीममध्ये अपडेट फक्त गेम लाँच करताना होईल असं ठेवा.

आता बॅटलआय, म्हणजे चीटिंग रोखणारं सॉफ्टवेअर. सप्टेंबर २०२४ पासून ऑनलाइनसाठी ते आलंय आणि ते चालू असेल तर मॉड चालत नाहीत, रॉकस्टार लाँचरच्या सेटिंगमधून बंद करा. मॉड फक्त स्टोरी मोडमध्ये वापरायचे, ऑनलाइन खेळायचं असेल तेव्हा या सगळ्या फाइली बाहेर काढायच्या, यात तडजोड नको. बॅन झालात तर तुमचं नुकसान आणि दुसऱ्याचा खेळ बिघडवणं तर मुळातच वाईट.

कोडसाठी व्हिज्युअल स्टुडिओ कम्युनिटी घ्या, फुकट आहे, इन्स्टॉल करताना डॉट नेट डेस्कटॉप डेव्हलपमेंटवर टिक करा. नवीन प्रोजेक्ट करताना मात्र डोळे उघडे ठेवा, क्लास लायब्ररी नावाचे दोन टेम्प्लेट दिसतात, त्यातला ज्याच्यापुढे डॉट नेट फ्रेमवर्क लिहिलंय तोच हवा. दुसरा घेतला तर बिल्ड छान होतो पण गेममध्ये स्क्रिप्ट लोडच होत नाही आणि पोरं चूक कोडमध्ये शोधत बसतात. मग नुगेटमधून (व्हिज्युअल स्टुडिओतूनच तयार लायब्ररी घ्यायची सोय) स्क्रिप्ट हुक व्ही डॉट नेट ३ टाका, आणि कीबोर्डची बटणं ओळखायला सिस्टम विंडोज फॉर्म्सचा रेफरन्स द्या.

आता सगळ्यात कामाची गोष्ट. प्रोजेक्टच्या प्रॉपर्टीजमध्ये बिल्ड इव्हेंट्समध्ये पोस्ट बिल्डला कॉपीची एक ओळ टाका, म्हणजे प्रत्येक बिल्डनंतर डीएलएल आपोआप स्क्रिप्ट्स फोल्डरात जाईल. पाथमध्ये स्पेस असते म्हणून तो डबल कोट्समध्ये लिहा, आणि परवानगी नाही असा एरर आला तर व्हिज्युअल स्टुडिओ ॲडमिन म्हणून उघडा. गेम चालू असला तरी फाइल लॉक होत नाही, कॉपी होते. मग गेममध्ये एफ४ दाबून कन्सोल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडायचा, रीलोड कमांड द्यायची, झालं, नवीन कोड चालू.

पहिली स्क्रिप्ट छोटीच ठेवा: स्क्रिप्ट क्लासपासून आपला क्लास बनवायचा, कन्स्ट्रक्टरमध्ये (क्लास तयार होताना चालणारा कोड) कीडाउन इव्हेंट, म्हणजे बटण दाबल्याची सूचना, जोडायचा, आणि एक बटण दाबलं की प्लेयरच्या समोर ॲडर गाडी यावी. टिक इव्हेंट दर फ्रेमला चालतो, त्यात जड काम टाकू नका, आणि थांबायचं असेल तर थ्रेड स्लीप अजिबात नाही, तेवढा वेळ अख्खा गेम गोठतो, स्क्रिप्टचं स्वतःचं वेट वापरा.

काही चाललं नाही तर अंदाज लावत बसू नका, गेमच्या फोल्डरात स्क्रिप्ट हुक व्ही डॉट नेटची लॉग फाइल असते, एररचं नाव आणि बऱ्याचदा कुठल्या फंक्शनमध्ये फुटलं तेही त्यात मिळतं.