पहिली फ्रेम, छोटा विषय

तिकीट प्रदर्शनात स्पर्धेला पहिल्यांदाच उतरताय? एकच फ्रेम घ्या, म्हणजे ए-फोर आकाराची 16 पानं. अख्खे 'गांधीजी' त्यात मावणार नाहीत. 15 ऑगस्ट 1948 ला निघालेली दीड, साडेतीन, बारा आणे आणि दहा रुपयांची चार तिकिटं मात्र ऐसपैस बसतील. पहिल्या पानावर आराखडा हवाच, परीक्षक तोच आधी वाचतात. प्रथम दिवस आवरणं, म्हणजे तिकीट निघालं त्याच दिवशीचा शिक्का मारलेली खास पाकिटं, एखाद-दुसरीच पुरे. खरं वजन टपालातून फिरून आलेल्या, चुरगळलेल्या का असेना, पाकिटाला. मागचा पोहोचेचा शिक्का दाखवायचाय? त्याची रंगीत झेरॉक्स शेजारी लावा, मूळ आकारापेक्षा किमान 25 टक्के लहान. सेलोटेपला हातही लावू नका, पाकिटांना पारदर्शक कोपरे वापरा.